किनाऱ्यावरचे एकच पिंप

गेल्या डिसेंबरात तीन आठवड्यांच्या सुट्टीसाठी कोल्हापूरला गेले होते, तेव्हा घरातल्या सर्वांनी मिळून मालवणला जायचे ठरले. आई, दादा, वहिनी, त्यांची दोन मुले आणि मी असे सहा जण पहाटे निघालो, राधानगरी-दाजीपूर करत फोंडा घाट उतरलो, कणकवलीला चहा घेतला आणि अकराच्या सुमारास तारकर्लीच्या वाळूत पाय ठेवले. पाणी निळे होते, सुरूच्या बनातून वारा येत होता, आणि भरतीच्या रेषेवर बाटल्या, वेफर्सची पाकिटे, थर्माकोलच्या ताटल्या आणि एक लहान मुलाची चप्पल अशी माळ लागली होती. ती पाहून दादा म्हणाला, "आपल्या माणसांना शिस्तच नाही. तुमच्याकडे असं कुणी करेल का?"

मी अकरा वर्षे नेदरलँड्समधल्या हेग शहरात राहते आणि स्खेव्हेनिंगेनचा किनारा माझ्या घरापासून ट्रामने वीस मिनिटांवर आहे, त्यामुळे हा प्रश्न मला प्रत्येक सुट्टीत कुठे ना कुठे विचारला जातो. परदेशातून आलेल्या माणसाने त्यावर मान डोलवायची असते आणि मीही आजवर ती डोलवत आले, कारण पाहुणी म्हणून आलेली असताना वाद नको वाटतो आणि खरे सांगायचे तर त्या मान डोलवण्यात थोडा मोठेपणाही मिळतो. या वेळी मात्र माझ्या नऊ वर्षांच्या भाच्याने त्याच दुपारी दुसरा एक प्रश्न विचारला आणि दादाच्या प्रश्नाचे उत्तर मला त्यातच सापडले. मक्याचे कणीस खाऊन झाल्यावर उरलेला बुरकुंडा आणि पाण्याची रिकामी बाटली हातात धरून तो म्हणाला, "आत्या, हे कुठे टाकू?"

आम्ही दोघे शोधायला निघालो. वाहनतळापासून पाण्यापर्यंत आणि तिथून बोटीवाल्यांच्या छपरांपर्यंत चाललो, तेव्हा वाळूत उतरायच्या वाटेवर एक निळे पिंप दिसले. दुपारी एक वाजता ते काठोकाठ भरले होते, त्याच्या भोवती शहाळ्यांचा ढीग होता आणि एक गाय त्यातले काहीतरी ओढून काढत होती. भाच्याने बाटली गाडीत नेऊन ठेवली. त्या किनाऱ्यावर त्या दिवशी किती माणसे होती ते मी मोजले नाही, पण वाहनतळावर कोल्हापूर, सांगली, पुणे आणि बेळगावच्या गाड्यांना जागा उरली नव्हती. एवढ्या लोकांसाठी एक पिंप ठेवून मग त्यांच्या शिस्तीची चर्चा करणे मला अन्यायाचे वाटते.

स्खेव्हेनिंगेनचा किनारा स्वच्छ असतो हे खरे, पण तो सकाळी स्वच्छ असतो. उन्हाळ्यात पारा तिशीपर्यंत गेला की त्या वाळूत पाय ठेवायला जागा नसते, संध्याकाळी कचऱ्याचे डबे ओसंडतात आणि समुद्रपक्षी पिशव्या फोडून सगळे विखरून टाकतात. पहिल्या वर्षी झोप येत नव्हती म्हणून मी एकदा पहाटे तिथे गेले, तेव्हा मागे चाळण जोडलेला ट्रॅक्टर वाळू विंचरत चालला होता आणि पालिकेची माणसे डबे रिकामे करत होती. आठ वाजता फिरायला येणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही, त्याला वाटते की इथली माणसे कचरा करतच नाहीत. दर वर्षी २७ एप्रिलला, आणि त्या दिवशी रविवार आला तर आदल्या दिवशी, राजाचा वाढदिवस साजरा होतो, त्या संध्याकाळी ॲमस्टरडॅमच्या रस्त्यांवरून पेयांचे डबे, कप आणि जुन्या वस्तूंच्या बाजारात न विकल्या गेलेल्या वस्तू तुडवत चालावे लागते. ही तीच माणसे, जी इतर दिवशी पाच प्रकारचा कचरा पाच ठिकाणी टाकतात. दुसऱ्या दिवशी रस्ते स्वच्छ दिसतात, कारण रात्रभर कोणीतरी ते काम पगारावर केलेले असते.

बाटल्यांचेही तसेच. लहान प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि पेयांचे डबे रस्त्याकडेला फार पडतात, ही तक्रार तिथे वर्षानुवर्षे होती. उत्पादक आणि दुकानदार यांचा विरोध होता, वाद लांबला, आणि शेवटी १ जुलै २०२१ पासून लहान बाटल्यांवर आणि १ एप्रिल २०२३ पासून पेयांच्या डब्यांवर पंधरा सेंट अनामत बसली. बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की पैसे परत मिळतात. त्यातून नवा त्रासही झाला, कारण बाटल्या शोधणारे लोक कचऱ्याच्या पिशव्या फोडू लागले. तरीही रिकाम्या बाटलीला किंमत आली आणि ती सहजासहजी कोणी फेकेनासे झाले. महाराष्ट्राने असा नियम त्याआधीच कागदावर आणला होता, हे मी दादाला सांगितले तेव्हा त्याला आश्चर्य वाटले. मार्च २०१८ मध्ये निघालेल्या प्लॅस्टिकबंदीच्या अधिसूचनेत पाण्याच्या बाटल्यांवर अनामत घेऊन त्या परत घेण्याची तरतूद होती. आम्ही त्या प्रवासात पाण्याच्या कितीतरी बाटल्या घेतल्या, पण एकाही दुकानात मला अनामत मागितली गेली नाही आणि बाटली परत घेण्याची गोष्टही कोणी काढली नाही. म्हणजे लहान बाटल्यांचा नियम कागदावर आला आपल्याकडे आधी, राबवला त्यांनी.

दुपारी आम्ही किनाऱ्यामागच्या वाडीत जेवायला गेलो. घराच्या ओसरीला पत्र्याची शेड जोडून सहा टेबले मांडलेली, बाहेर फळ्यावर खडूने लिहिलेले दर, आणि सुरमई व पापलेट यांच्यापुढे आकड्याऐवजी "विचारून घ्यावे" असे शब्द. मालकीणबाई दारातच म्हणाल्या, "मासे आजचेच आसत, बसा." बसायच्या आधी स्टीलच्या पेल्यांत पाणी आले. मग रव्यात घोळवून तळलेली सुरमईची तुकडी, तिरफळ घातलेले बांगड्याचे तिखले, तिसऱ्यांचे सुके, वडे, भात आणि वाटीभर सोलकढी. सुरमईचा दर त्यांनी आधी सांगितला आणि तो का वाढला तेही सांगितले: सकाळी बंदरावर लिलावात मासे कमी होते आणि घेणारे जास्त. जेवण झाल्यावर त्यांनी सांगितलेला आणि फळ्यावर लिहिलेला आकडा जेवढा होता, तेवढेच पैसे घेतले.

हे मुद्दाम सांगते, कारण कोल्हापूरला परतल्यावर आम्ही एका मोठ्या वातानुकूलित उपाहारगृहात गेलो आणि तिथल्या बिलात न विचारता दहा टक्के सेवाशुल्क लावलेले होते. दादाने ते काढायला सांगितले, व्यवस्थापकाने हुज्जत घातली, आणि अर्धा तास जेवणाचा आनंद गेला. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने हे शुल्क आपोआप लावू नये असे निर्देश दिले, उपाहारगृहांच्या संघटना न्यायालयात गेल्या आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते निर्देश कायम ठेवले, तरी वाद टेबलावर चालूच आहे. हेगमध्ये फळ्यावर जो दर असतो त्यात कर आणि सेवा दोन्ही धरलेली असतात. पण पिण्याचे साधे पाणी मागितले तर अनेक ठिकाणी ते मिळत नाही किंवा त्याचे पैसे लागतात, आणि रात्री नऊनंतर पोहोचलात तर स्वयंपाकघर बंद झालेले असते. दर सांगावा, तेवढाच घ्यावा आणि आलेल्याला आधी पाणी द्यावे, या तिन्ही गोष्टी मला एकत्र मिळाल्या त्या वाडीतल्या खानावळीत.

त्या खानावळीत मी आणखी एक गोष्ट पाहिली. हात धुवायला बाहेर मोरी होती, करवंटीत साबणाची वडी होती, काटे आणि उष्टे टाकायला झाकणाचे पिंप होते आणि ते भरले की मालकीणबाईंचा मुलगा परसात नेऊन रिकामे करत होता. सहाही टेबलांवर आमच्यासारखीच माणसे होती, काही तर मघाशी किनाऱ्यावर आमच्या शेजारी बसलेली. एकानेही जमिनीवर कागद टाकला नाही. कोणी सूचना लिहिली नव्हती, कोणी ओरडत नव्हते. किनारा तिथून तीनशे पावलांवर. एवढ्या अंतरात माणसांचा स्वभाव बदलत नाही. ओसरी कोणाची हे तिथे सर्वांना ठाऊक होते आणि किनारा कोणाचा हे कोणालाच ठाऊक नव्हते, एवढाच फरक मला दिसला.

किनारा कोणाचा, या प्रश्नाभोवतीच इकडचे बरेचसे वाद फिरतात. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली, २०२१ साली चिपीचा विमानतळ सुरू झाला. माणसे आणण्याची सोय टप्प्याटप्प्याने होत गेली. आलेल्या माणसांची सोय मात्र काही हजार वस्तीच्या ग्रामपंचायतींवर पडली. जेवणाच्या बिलावर आपण जो पाच टक्के वस्तू व सेवा कर देतो, त्याचा अर्धा वाटा केंद्राला आणि अर्धा राज्याला जातो, ज्या गावाचे पिंप ओसंडते त्या गावाला त्यातून थेट काही मिळत नाही. हेगमध्ये हॉटेलात राहणाऱ्याकडून दर रात्रीमागे पर्यटन कर घेतला जातो आणि तो शहराच्या तिजोरीत जातो. "कोकणाचा गोवा होऊ देऊ नका" असे म्हणणाऱ्या गावकऱ्यांची भीती मला खरी वाटते, कारण वाळूत गाड्या घालणारे आणि दारूच्या बाटल्या फोडणारे पाहुणे त्यांनी पाहिलेले आहेत. पण त्या भीतीपोटी स्वच्छतागृह आणि कचऱ्याची गाडी यांनाही विरोध होऊ नये. २०२० साली राज्याने किनाऱ्यावरच्या शॅकचे, म्हणजे तात्पुरत्या उपाहारगृहांचे, धोरण आणले, त्यात तारकर्ली आणि कुणकेश्वर होते. स्खेव्हेनिंगेनचीही बरीच उपाहारगृहे वसंतात उभारतात आणि हिवाळ्यापूर्वी खोलून नेतात. हंगामी बांधकाम किनारा बिघडवतेच असे नाही. ते कोणाला मिळते, त्याचे सांडपाणी कुठे जाते आणि हंगाम संपल्यावर ते खरोखर निघते का, हे गावाने विचारावे.

स्वच्छतागृहाबद्दल थोडे अधिक लिहिते, कारण त्या दिवसातली मला सर्वांत लागलेली गोष्ट तीच होती. कणकवलीला आईने चहा घेतला नाही. किनाऱ्यावर शहाळे घेतले नाही. मला वाटले तिला उलटीसारखे होत असेल. मग लक्षात आले की ती अडुसष्ट वर्षांची बाई सकाळपासून पाणी टाळत होती, कारण प्रवासात कुठे जाता येईल याची खात्री नव्हती. किनाऱ्यावर एक स्वच्छतागृह होते आणि त्याला कुलूप होते. वहिनी म्हणाली, "आम्ही सगळ्या असंच करतो, ताई." खानावळीच्या मालकीणबाईंनी न सांगता ओळखले आणि आईला स्वतःच्या घरात आत नेले. बाहेर आल्यावर आई दोन पेले पाणी प्यायली, तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते.

या बाबतीत नेदरलँड्सचा दाखला देता येत नाही. तिथेही बायकांसाठी सार्वजनिक स्वच्छतागृहे फार थोडी आहेत. २०१७ साली ॲमस्टरडॅममध्ये उघड्यावर लघवी केली म्हणून दंड झालेल्या एका तरुणीला न्यायाधीशांनी पुरुषांच्या मुताऱ्या वापरता आल्या असत्या असे सुनावले, आणि त्यावर देशभर बायकांनी आवाज उठवला. तिथे त्यांना बेशिस्त कोणी म्हटले असेल तर ते टिकले नाही, चर्चा जागांच्या संख्येवर आली. आपल्याकडेही ती तिथेच यायला हवी.

समुद्राच्या धोक्याचेही असेच आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडला पुण्याहून सहलीला आलेले चौदा विद्यार्थी बुडाले, एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावचे आठ जण गेले. प्रत्येक वेळी तरुणांच्या अतिउत्साहाला दोष दिला गेला. मे २०२० मध्ये स्खेव्हेनिंगेनलाही पाच जण बुडाले आणि ते पाण्याची चांगली ओळख असलेले, लाटांवर खेळणारे तरुण होते. समुद्र कोणाची शिस्त पाहून थांबत नाही. तिथे उन्हाळ्यात लाल-पिवळा झेंडा म्हणजे जीवरक्षक हजर आणि लाल झेंडा म्हणजे पाण्यात जाण्यास मनाई, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. तारकर्लीला मला शिट्टी घेतलेला एक तरुण जीवरक्षक दिसला, तो मनापासून धावत होता, पण त्याच्या वाट्याला आलेला किनारा त्याच्या नजरेत मावत नव्हता.

परतताना फोंडा घाटात पुन्हा तोच विषय निघाला. दादाचे मत पूर्ण बदलले नाही. तो म्हणाला, डबे ठेवले तरी काही लोक फेकणारच. मी म्हटले, फेकतील, तिथेही फेकतात, पण पहाटे उचलायला कोणी येईल का ते सांग. त्यावर तो बराच वेळ न बोलता गाडी चालवत राहिला. भाच्याला मात्र बाटलीच्या अनामतीची गोष्ट आवडली होती. पंधरा सेंट म्हणजे किती, असे त्याने विचारले. साधारण पंधरा रुपये, असे मी सांगितले. मग त्याने पाठीमागच्या सीटखालच्या बाटल्या एकेक करून वर काढल्या, मोजल्या, सात भरल्या, आणि तो आईला म्हणाला, "आजी, तुझी पण संपली असेल तर दे."