मिरज जंक्शन, तीन गेज आणि लातूरचं पाणी

२०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेल्याचा विषय निघाला की गाडी लगेच श्रेयावर जाते. पण मिरज स्टेशनात असं काय होतं म्हणून ते जमलं, हे कुणी सांगत नाही. माझ्या मते श्रेय द्यायचंच तर दोन गोष्टींना द्या: रेल्वेच्या स्वतःच्या पाणीव्यवस्थेला आणि गेजबदलाला, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर बदलण्याला.

आधी गेजचं बघू. पुणे–मिरज–लोंढा हा मूळ सदर्न मराठा रेल्वेचा मार्ग, मीटरगेज, म्हणजे दोन रुळांत १००० मिमी अंतर. १८९१ मध्ये कोल्हापूर संस्थानची लाईन मिरजेला येऊन मिळाली. १९२७ मध्ये पंढरपूरकडून बार्शी लाईट रेल्वेची छोटी गाडी आली, ती ७६२ मिमीची. १९७१ च्या सुमारास पुण्याकडची बाजू ब्रॉडगेज झाली, १६७६ मिमी. लोंढ्याची बाजू बदलायला नव्वदचं दशक उजाडलं. म्हणजे मधली वीसेक वर्षं मिरजेत तिन्ही गेज एकाच वेळी चालू होते. रेल्वेप्रेमींना त्याचं अप्रूप वाटतं, पण व्यवहारात त्याचा अर्थ एकच होता: माल उतरवा, पुन्हा चढवा. एका वाघिणीतून पोती काढून शेजारच्या रुळावरच्या वाघिणीत रचायची. त्यात हमाली, पोती फाटणं, गळती आणि यार्डात अडकून पडलेल्या वाघिणी हे सगळं आलंच.

बार्शी लाईट ही आपल्या काळातली फार हुशार रचना होती, हे मान्यच. ब्रिटिश अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी एका आसावर, म्हणजे चाकांच्या एका जोडीवर, ५ टनांपेक्षा जास्त भार येणार नाही या हिशोबाने ती आखली. त्यामुळे हलके रूळ, हलके पूल आणि कमी खर्च साधला. पण चार आसांची वाघीण धरली तरी माल आणि गाडा मिळून २० टनच होतात. आता पाण्याची वाघीण बघा. तिच्यात ५० टन पाणी आणि तिचं स्वतःचं वजन साधारण २७ टन. म्हणजे एका आसावर १९ टनांच्या वर भार. जुन्या रुळांवर ही वाघीण उभीसुद्धा करता आली नसती. लातूर–कुर्डुवाडी पट्टा २००८ पर्यंत आणि पंढरपूर–मिरज त्यानंतर दोन-तीन वर्षांत ब्रॉडगेज झाला. दुष्काळ आणखी आठ-दहा वर्षं आधी पडला असता तर मिरज–पंढरपूर–कुर्डुवाडी–लातूर असं सलग पाणी पोचलंच नसतं. छोटी गाडी गेल्याची हळहळ मलाही समजते, पण हा हिशोबही डोळ्यांसमोर असू द्या.

आता पाण्याकडे येऊ. वाफेच्या इंजिनांच्या काळात पाणी नसलेलं जंक्शन म्हणजे निव्वळ थांबा. आणि पाणीही कुठलंही चालत नसे. क्षारयुक्त पाण्याने बॉयलरच्या नळ्यांवर पापुद्रा धरतो, उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही आणि कोळसा जास्त जळतो. वाफ गेली, पण मिरजेत रेल्वेची व्यवस्था टिकून राहिली. कृष्णेचं पाणी हैदरखान केंद्रात शुद्ध होऊन स्टेशनात येत होतं, तेच २०१६ मध्ये कामी आलं.

११ एप्रिलला पहिली गाडी निघाली. १० वाघिणी आणि सुमारे ५ लाख लिटर पाणी. वाघिणी राजस्थानात कोट्याच्या कारखान्यात वाफेने धुऊन आणल्या होत्या. पुढे भरण्यासाठी वेगळी पाइपलाइन टाकली आणि ५० वाघिणींची, २५ लाख लिटरची गाडी सुरू झाली. या वाघिणी पूर्ण का भरत नाहीत, असं बरेचजण विचारतात. त्या मुळात पेट्रोल-डिझेलसाठी बनवलेल्या. टाकीत ७० हजार लिटर मावतं, पण पाणी इंधनापेक्षा जड, म्हणून ५०-५४ हजार लिटरलाच वजनाची मर्यादा गाठली जाते. वरच्या तोंडातून भरायचं आणि खालच्या व्हॉल्व्हमधून सोडायचं. अशी गाडी सहाशे मीटरच्या पुढे जाते. तेवढी लांब मोकळी लाईन आणि तिच्या कडेने पाण्याचे पॉइंट नसतील तर दहा-दहा वाघिणी पुढे-मागे सरकवत बसावं लागतं, अर्धा दिवस त्यातच जातो.

तरी २५ लाख लिटर म्हणजे लातूरकरांना माणशी सहा-साडेसहा लिटर. लातूरला पाणी पुरवणाऱ्या मांजरा धरणाची जागा रेल्वे घेऊ शकत नाही. टंचाईत तग धरण्यापुरतं पाणी मात्र तिने दिलं.

रोजच्या प्रवाशालाही ही पाणीव्यवस्था लागतेच. एका डब्याची टाकी सुमारे १८०० लिटरची, म्हणजे २४ डब्यांना ४३ हजार लिटर. साध्या नळांनी गाडी भरायला वीसेक मिनिटं लागतात आणि थांबा असतो पाच-दहा मिनिटांचा. दाब कमी पडला किंवा होज फाटका निघाला की शेवटचे डबे कोरडेच पुढे जातात. जास्त दाबाच्या पंपांची क्विक वॉटरिंग यंत्रणा हेच काम पाचेक मिनिटांत करते. डब्यात पाणी नसेल तर १३९ वर किंवा रेल्वेच्या रेलमदत ॲपवर पीएनआर आणि डबा क्रमांक टाकून लगेच कळवा, पुढचं पाणी भरण्याचं स्टेशन येण्याआधी. ते मागे पडलं की तक्रार नोंदली जाते, पण पाणी मिळत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. स्टेशनच्या नूतनीकरणात दर्शनी भाग आणि सरकते जिने होऊ द्या, पण त्याच आराखड्यात पंप, राखीव मोटर, गाळणी केंद्र, पाइपलाइन आणि पाण्याची गाडी उभी राहील एवढी एक लांब लाईनही धरा. आणि भरण्याचे पॉइंट दरवर्षी मार्चआधी एकदा पूर्ण दाबाने चालवून बघा. वर्षानुवर्षं न उघडलेला व्हॉल्व्ह ऐन मे महिन्यात गंजून बसलेला निघतो.