खुलासा: जुना हातबॉम्ब आपोआप निकामी होत नाही

‘शंभर वर्षं झाली की हातबॉम्बमधली दारू मरते, सँडपेपरने घासून खुशाल शोकेसमध्ये ठेवा,’ असा मेसेज संग्राहकांमध्ये फिरतो आहे. हे साफ चूक आहे.

टीएनटी हे स्फोटक शंभर वर्षांनीही टीएनटीच राहतं. पिक्रिक अॅसिड हे जुन्या दारूगोळ्यातलं दुसरं स्फोटक तर जास्तच बिथरतं: तांबं, शिसं अशा धातूंशी त्याचे क्षार बनतात आणि ते नुसत्या घर्षणानेही उडू शकतात. बेल्जियममधल्या ईप्र इथे २०१४ मध्ये पहिल्या महायुद्धातला तोफगोळा फुटून दोन कामगार दगावले.

‘पिन जागेवर आहे ना, मग झालं’ हाही दिलासा पोकळच. १९१५ मध्ये आलेल्या मिल्स बॉम्ब या ब्रिटिश हातबॉम्बमध्ये दाबलेल्या स्प्रिंगवरचा स्ट्रायकर (आपटून स्फोट सुरू करणारा दांडा) लिव्हरने अडवलेला असतो आणि लिव्हरला पिनने. गंज दोघांनाही खातो. बुडाला दारू काढल्याचं भोक दिसलं म्हणून आतली नळीही रिकामी, असं धरून चालू नये. त्या नळीत बसणारा डिटोनेटर, म्हणजे मुख्य दारू उडवणारं छोटं स्फोटक, वेगळा असतो.

घासण्याचा सल्ला तर निकामी नगासाठीही वाईट. मूळ रंग, शिक्के, कारखान्याच्या खुणा, म्हणजे संग्राहकाला हवं ते सगळं, त्यात जातं. मऊ ब्रश, कोरडी जागा आणि तज्ज्ञाचं निकामी केल्याचं प्रमाणपत्र एवढं पुरे. खात्री नसलेला नग हलवू नका, पाण्यात बुडवू नका. पोलिसांना फोन करा.