परदेशी जुनी पिकअप ‘अर्ध्या किमतीत’? आधी चेसिस नंबर वाचा

गोव्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: जपान, थायलंड किंवा दुबईहून पाच-सात वर्षं वापरलेली टोयोटाची हायलक्स पिकअप मागवा, नव्या गाडीच्या अर्ध्या किमतीत पडते, कागद एजंट करून देतो, या गाड्यांना गंज चढत नाही, इंजिन तीन लाख किलोमीटर उघडावं लागत नाही, सगळे पार्ट टोयोटाच्याच फॉर्च्युनरचे, आणि हौद्यात टनभर चिरे (जांभ्या दगडाचे ठोकळे) टाकले तरी काही होत नाही. कुळागर (सुपारी-नारळाची बाग), होमस्टे किंवा बांधकामाचा व्यवसाय असलेल्यांना पिकअप खरोखरच हवी असते, म्हणून हा संदेश विश्वासाने पुढे जातो. त्यावर विसंबून टोकन देणाऱ्यांचं मोठं नुकसान होऊ शकतं.

‘पाच-सात वर्षं जुनी मागवा’

हे आयातीच्या नियमातच बसत नाही. बाहेरून आणायची वापरलेली गाडी उत्पादनाच्या तारखेपासून तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. स्टिअरिंग उजवीकडे हवं, स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये हवा, हेडलाइटचा झोत डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीला साजेसा हवा. अशी गाडी फक्त मुंबई बंदरातून आत येते. ‘मुरगावात उतरवून देतो’ असं कोणी म्हणालं, तर बोलणं तिथेच थांबवावं. आल्यावर पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत चाचणी होते. शिवाय पुढची पाच वर्षं गाडी रस्त्यायोग्य राहील आणि देशात तिची सर्व्हिस होईल, याची हमी आयात करणाऱ्याने द्यायची असते.

दुबईची गाडी तर पहिल्याच अटीला अडते. आखातात वाहतूक उजवीकडून चालते, त्यामुळे तिथल्या गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडे असतं. ‘नंतर फिरवून घेऊ’ म्हणजे स्टिअरिंगची रॅक, डॅशबोर्ड, पेडल, ब्रेक बूस्टर, वायपरची यंत्रणा आणि एअरबॅगची वायरिंग हलवायची, फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला, नवी भोकं पाडायची. एवढं करूनही कस्टम्सचा प्रश्न सुटत नाही, कारण अट गाडी बंदरात उतरते तेव्हाची आहे. आखातातून कायमचे परतणारे ‘घरच्या सामानातून आणू’ म्हणतात, तेही चूक. 1962च्या कस्टम्स कायद्यात बॅगेजची व्याख्याच मोटारगाडी वगळून केलेली आहे.

किमतीचा हिशेबही संदेशात अर्धाच आहे. परदेशातल्या किमतीवर जहाजभाडं, विमा, सीमाशुल्क, जीएसटी, बंदराचा आकार, चाचणी आणि शेवटी इथला रोड टॅक्स चढतो.

‘कागद एजंट करून देतो’

मग बाजारात ‘इम्पोर्टेड’ म्हणून दिसतात त्या गाड्या कुठल्या? बऱ्याचशा मुळात परदेशी नसतात. इसुझूची व्ही-क्रॉस पिकअप आंध्रच्या श्रीसिटीत तयार होते आणि 2022मध्ये भारतात आलेली हायलक्स कर्नाटकातल्या बिडदीत जोडली जाते. चेसिस नंबरची पहिली दोन अक्षरं एमए ते एमई असतील तर नंबर भारतातला, एमएल ते एमआर असतील तर थायलंडचा. जपानच्या देशांतर्गत बाजारातल्या गाडीवर सतरा अक्षरी नंबर नसतो, मॉडेलचा संकेत आणि पुढे आकडे असा छोटा फ्रेम नंबर असतो. फ्रेमवर, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर, ठोकलेला नंबर, पाटीवरचा नंबर आणि आरसीवरचा नंबर, तिन्ही स्वतःच्या डोळ्यांनी जुळवा. खरवडलेली किंवा नुकती रंगवलेली जागा दिसली, तर ती गाडी सोडा.

नंबर परदेशी निघाला तर बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयातीवेळचा कस्टम्सचा कागद, मागा आणि त्यातला चेसिस नंबर, तारीख आणि भरलेलं शुल्क पडताळा. ‘हरवलं’ हे उत्तर मान्य करू नका. हरमल, मांद्रे भागात परदेशी प्रवाशांच्या गाड्या दिसतात, त्यातल्या काही कार्नेटवर, म्हणजे तात्पुरत्या शुल्कमाफीवर आलेल्या असतात. त्या ठरलेल्या मुदतीत देशाबाहेर न्यायच्या असतात, शुल्क भरल्याशिवाय इथे विकता येत नाहीत. कस्टम्सची जप्ती गाडीवर येते. तुम्ही प्रामाणिकपणे पैसे मोजले होते, म्हणून गाडी वाचत नाही.

आरसीवर ‘इम्पोर्टेड’ नोंद असण्याचा आणखी एक खर्च आहे. पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करताना साध्या मोटारगाडीला 5,000 रुपये लागतात, आयात केलेल्या चारचाकीला 40,000. वीस वर्षांनंतर 2025च्या नियमाने हेच आकडे 10,000 आणि 80,000 होतात.

‘गंज चढत नाही’

संदेशातलं सगळ्यात घातक वाक्य हेच. टोयोटाने अमेरिकेत टॅकोमा, टुंड्रा आणि सेक्वोया या गाड्यांच्या फ्रेम गंजल्याच्या दाव्यात 2016मध्ये सुमारे 3.4 अब्ज डॉलरपर्यंतची तडजोड मान्य केली. तिथे बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठाने पोखरलं, इथे खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस आहे. किनाऱ्यावर गाडी नेणं गोव्यात गुन्हा आहे, तरी बोटी ओढायला वाळूत उतरवलेल्या पिकअप विक्रीला येतात. दिवाडी, चोडणच्या फेरीबोटीला रोज लागणाऱ्या गाडीचीही खालची बाजू भरतीच्या पाण्याने भिजते.

फ्रेम आतून पोकळ असते आणि गंज आतून सुरू होतो. गाडी रॅम्पवर किंवा पिटवर घ्या, जॅकवर खाली शिरू नका. मागच्या अ‍ॅक्सलवरची फ्रेमची कमान, मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर आणि शॅकल, हौद्याचे बोल्ट आणि मागच्या ब्रेकचे लोखंडी पाइप ही चार ठिकाणं आधी बघा. छोट्या हातोडीने ठोकत जा: धड पत्रा टणक वाजतो, कुजलेला भद्द वाजतो. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक आत गेलं तर व्यवहार संपला. फ्रेमची पाणी जायची भोकं चिखलाने बुजलेली असतील, तर आत ओल साचलेली असणार. खालून नुकतंच काळं कोटिंग मारलेली गाडी जास्त संशयाने बघा. वरून मारलेलं कोटिंग आतला गंज थांबवत नाही, झाकतं. फ्रेमला वेल्डिंगचं ठिगळ दिसलं, तर किंमत कितीही उतरली तरी घेऊ नका.

दोन्ही डिफरेन्शियलचे फिलर प्लग उघडून ऑइल बोटाला लावून बघा. दुधाळ चहाच्या रंगाचं असेल तर पाणी शिरलं आहे. मग बेअरिंग आणि सील यांचा खर्च धरा. गालिचा उचलून सीटच्या रुळांचे बोल्ट बघा, तिथला गंज म्हणजे केबिनमध्ये पाणी येऊन गेलं. फोर-लो (चारही चाकांना जोर देणारा सावकाश गिअर) मातीवर लावून बघा, कोरड्या डांबरावर नाही, नाहीतर पुढच्या-मागच्या चाकांत जोर वाटणाऱ्या ट्रान्सफर केसवर उगाच ताण येतो.

‘इंजिनला काही होत नाही’, ‘पार्ट फॉर्च्युनरचेच’

हायलक्सचं 2.8 लिटर इंजिन उत्तम आहे, पण ‘काही होत नाही’ हे खोटं. ऑस्ट्रेलियात 2015 ते 2020 दरम्यानच्या हायलक्स, फॉर्च्युनर आणि प्राडो अशा 2.64 लाखांहून अधिक डिझेल गाड्यांमधली डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी गाळणारी यंत्रणा सदोष असल्याचं तिथल्या फेडरल कोर्टाने 2022मध्ये ठरवलं. डीपीएफमध्ये साठलेली काजळी जळायला सलग, बऱ्यापैकी वेगाने धावणं लागतं. पणजी ते म्हापसा अशा तेरा-चौदा किलोमीटरच्या फेऱ्यांत ती धड जळत नाही. स्कॅनर लावून काजळीची पातळी आणि मागच्या रीजनरेशनची, म्हणजे काजळी जाळल्याची, नोंद बघा. डीपीएफ कापून काढला असेल तर तो दोषच धरा.

पार्टचं म्हणणं अर्धं खरं आहे. जुन्या थाई हायलक्समधलं 2.5 लिटर इंजिन जुन्या इनोव्हाच्या घराण्यातलं, 2.4 इनोव्हा क्रिस्टाच्या. त्यामुळे इंजिनाचे बरेच पार्ट मिळू शकतात. पण फॉर्च्युनरला मागे कॉइल स्प्रिंग आहेत आणि हायलक्सला पाटे. हौदा, टेलगेट, टेललॅम्प आणि मागची काच फॉर्च्युनरची बसणार नाही. थाई गाडीला धक्का लागला की हेच भाग मागवत बसावं लागतं.

‘टनभर माल’

आरसीवरचं मालासकट परवानगीचं एकूण वजन घ्या, त्यातून रिकाम्या गाडीचं वजा करा, मग माणसांचं. समजा 2,850 आणि 1,950 असे आकडे आहेत. उरतात 900 किलो. पाच माणसांचे 350 गेले की 550. मोठा चिरा तीस किलोच्या पुढे जातो, म्हणजे अठरा चिऱ्यांत मर्यादा संपली. चिरे वाहायचे असतील तर सिंगल कॅबची (सीटची एकच रांग असलेली) देशी मालवाहू पिकअपच घ्यावी. दोन रांगांची डबल कॅब पाच मीटरहून लांब असते, म्हापशाच्या बाजारात ती वळवणं रोजची कटकट होते.

आरसीवर वर्ग ‘गुड्स’ आहे की मोटारकार, हेही आधीच बघा. मालवाहू नोंद असेल तर आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस करावं लागतं.

दिल्लीकडून स्वस्तात येणाऱ्या व्ही-क्रॉसमागे तिथल्या जुन्या डिझेल गाड्यांवरच्या निर्बंधांची धास्ती असू शकते. अशा परराज्यातल्या गाडीला फॉर्म 28ची एनओसी लागते आणि गोव्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची असेल तर इथलं पासिंग आणि रोड टॅक्स. नाव बदलायला फॉर्म 29 आणि 30, कर्ज फिटलेलं असेल तर फॉर्म 35 आणि बँकेचं पत्र. विक्रेत्याचा नो-क्लेम बोनस तुमच्याकडे येत नाही, आणि विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायचा असतो. टोकन बँकेतूनच द्या. पावतीवर चेसिस नंबर लिहून घ्या आणि ‘फ्रेम किंवा कागदात दोष निघाल्यास रक्कम परत’ ही ओळ विक्रेत्याच्या सहीनिशी घ्या.