पानं पिवळी पडली म्हणून १९:१९:१९ वाढवू नका

शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "कोकोपीटमधल्या भाजीची पानं पिवळी पडली म्हणजे खत कमी पडलं. १९:१९:१९ लिटरला २ ग्रॅम द्या. टीडीएस वाढला की काम झालं. आठ दिवसांत पानं हिरवीगार." कोकोपीट म्हणजे मातीऐवजी वापरायचा नारळाच्या काथ्याचा भुसा, १९:१९:१९ म्हणजे नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) प्रत्येकी १९ टक्के असलेलं विरघळणारं खत, आणि टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार. विदर्भातल्या बोअरच्या पाण्यावर हा सल्ला पीक घालवतो.

"पिवळं म्हणजे खत कमी." आधी कोणतं पान पिवळं आहे ते पाहा. खालची जुनी पानं सरसकट फिकी पडत असतील तर नत्र कमी. जुन्याच पानांत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, तर मॅग्नेशियम. हीच जाळी शेंड्याच्या कोवळ्या पानांवर असेल तर लोह, कारण लोह जुन्या पानातून निघून नव्या पानात जात नाही. बोअरच्या जड (क्षारयुक्त) पाण्यावर बहुतेकदा हेच तिसरं दिसतं, आणि खताच्या पाण्याच्या टाकीत लोह टाकलेलं असूनही दिसतं. पाण्यातल्या बायकार्बोनेट क्षारामुळे सामू (पीएच) साडेसातच्या पुढे जातो. ईडीटीए लोह (बाजारात मिळणारं चिलेटेड लोह) साडेसहाच्या वर नीट टिकत नाही. मग मुळाला मिळणार काय?

म्हणून आधी पाणी दुरुस्त करा. २० लिटर बोअरचं पाणी बादलीत घ्या, सिरिंजने अर्धा-अर्धा मिली फॉस्फोरिक आम्ल घालत ढवळा आणि सामू ५.८ ते ६.२ वर आला की थांबा. किती मिली लागलं त्यावरून टाकीचा हिशेब निघतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा; सामू चढला असेल तर बायकार्बोनेट अजून शिल्लक आहे. पाणी फार जड असेल तर सगळं काम फॉस्फोरिकवर सोडू नका, स्फुरद बेसुमार वाढतो. नायट्रिक आम्ल वापरा. हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात कधीच नाही.

"१९:१९:१९ म्हणजे पूर्ण खत." यात कॅल्शियम नाही. नत्राचा अर्ध्याहून जास्त भाग युरियाचा. मातीतले जिवाणू तो फोडतात, नव्या कोकोपीटमध्ये ते पुरेसे नसतात. लिटरला २ ग्रॅम म्हणजे शुद्ध स्फुरद सुमारे १६५ पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) झाला. पालक-सांबाराला (कोथिंबिरीला) ४०-५० पुरतो. जादा स्फुरद लोह आणि जस्त अडवतो, म्हणजे ज्या दुखण्यावर औषध म्हणून दिलं तेच वाढतं. शिवाय कोकोपीट स्वतः कॅल्शियम धरून ठेवतं आणि पालाश सोडतं, म्हणून नवी बॅग कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात रात्रभर भिजवून धुवा. पुढे १००० लिटरला ८०० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट दिलं की त्यातून साधारण १५० पीपीएम कॅल्शियम मिळतं. पाण्याच्या रिपोर्टमध्ये कॅल्शियम असेल तेवढं वजा करा. कॅल्शियम नायट्रेटचं दाट द्रावण सल्फेट किंवा फॉस्फेटच्या ड्रमात ओतू नका, तळाशी पांढरा गाळ बसतो आणि ड्रिपर बंद पडतात.

"टीडीएस वाढला की काम झालं." मीटर क्षार मोजतो, अन्न नाही. खारपाणपट्ट्यातल्या बोअरचं पाणी खत न घालताच मोठा आकडा दाखवतं. त्यात सोडियम असतं. तिथे छतावरचं पावसाचं पाणी साठवून मिसळणंच खरं. युरिया तर मीटरवर दिसतही नाही. मे महिन्यात रोप खतापेक्षा पाणी जास्त ओढतं, टाकीतली ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे क्षारांची तीव्रता) सकाळी १.६ असली तर संध्याकाळपर्यंत २ च्या पुढे जाऊ शकते. तेव्हा साधं पाणी घालायचं. खत घातलं की पानांच्या कडा करपतात, टोमॅटोचं बूड काळं पडतं.

"आठ दिवसांत हिरवंगार." जुनं पान पाहून ठरवू नका, नवी फूट पाहा. खात्री हवी असेल तर एका रोपाच्या शेंड्यावर लिटरला अर्धा ग्रॅम ईडीटीए लोह संध्याकाळी फवारा. चार-पाच दिवसांत तेवढीच पानं हिरवी झाली तर दोष सामूचा किंवा लोहाचा. नाही झाली तर रोप उपटून मूळ पाहा: तपकिरी, बुळबुळीत, वास येणारं असेल तर बहुतेकदा टाकीतलं पाणी तापून मूळ कुजलंय. टाकीवर सावली करा, ओलं पोतं गुंडाळा, हवेचा पंप लावा आणि तोवर खत अर्ध्यावर आणा.