‘मित्र कोण, शत्रू कोण, एवढंच सांगा’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. कीटकांच्या मुख्य गटांवरच्या लेखावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सोंड, जबडे, पंखांच्या जोड्या हा सगळा शाळेच्या पुस्तकातला मजकूर, वाचणाऱ्याला हव्यात दोन याद्या, मित्रांची आणि शत्रूंची. गांधीलमाशीला उपयुक्त म्हणणं हा निव्वळ पुस्तकीपणा. आणि अळ्यांवर चालतं म्हणून बीटी (जिवाणूपासून बनवलेलं कीडनाशक) दोनदा फवारलं, तरी मोहरीवरच्या काळ्या अळ्या पानं खातच राहिल्या.

आधी ही शेवटची तक्रार घेऊ, कारण तिचं उत्तर तुम्ही वगळलेल्या त्या ‘शाळेच्या’ भागातच आहे.

मोहरीवरची ती काळपट अळी बहुधा पतंग-फुलपाखरांच्या गटातली नाहीच. ती सॉफ्लायची अळी असावी, म्हणजे मधमाश्या, मुंग्या आणि गांधीलमाश्यांच्या गटातली. खात्री करायला एक अळी उलटी करा. छातीखालच्या खऱ्या पायांच्या तीन जोड्या सोडून पोटाखालचे मांसल पाय मोजा. पतंगाच्या अळीला त्यांच्या साधारण २ ते ५ जोड्या असतात. सॉफ्लायच्या अळीला ६ किंवा जास्त, मोहरीवरच्या जातीला ८. शिवाय हात लागताच ती अंगाचं वेटोळं करून खाली पडते. बाजारात अळ्यांसाठी मिळणारं बीटी बहुतेक कुर्स्टाकी प्रकारचं असतं आणि ते पतंगवर्गीय अळ्यांच्याच आतड्यात काम करतं. सॉफ्लायची अळी ते खाऊन पुढे चालू लागते. औषध खराब नव्हतं, गट चुकला.

उपाय असा: सकाळी लवकर अळ्या पानांवर असतात, तेव्हा झाड साबणाच्या पाण्याच्या भांड्यावर झटकायचं. नंतर ५ टक्के निंबोळी अर्क, म्हणजे लिटरमागे ५० ग्रॅम कुटलेली निंबोळी रात्रभर भिजवून, फडक्यातून गाळून, थोडा साबण घालून संध्याकाळी फवारायचा. ही अळी जमिनीत कोष करते; पीक निघाल्यावर वरची माती उकरून उघडी पाडली की बरेच कोष वाया जातात.

बीटी योग्य गटावर मारूनही फसतं, तेही सांगतो. ते अंगाला लागून नाही, पोटात जाऊन काम करतं. म्हणून पानाची खालची बाजूही भिजायला हवी. उन्हात त्याचा जोर लवकर ओसरतो, तेव्हा फवारणी संध्याकाळी. अळी नुकती बाहेर पडलेली, लहान असतानाच फरक दिसतो; मोठ्या अळ्या दाद देत नाहीत आणि कोष तर काही खातच नाहीत.

आता दोन याद्यांचं. ढालकिडा (लेडीबर्ड) कुठल्या यादीत घालू? त्याच्या बहुतेक जाती मावा आणि पिठ्या ढेकूण या रस शोषणाऱ्या किडी खातात, पण एपिलॅक्ना ही त्याच कुटुंबातली जात वांग्याच्या आणि बटाट्याच्या पानांची चाळण करते. उलट ढालकिड्याची अळी काळी, काटेरी, नारिंगी ठिपक्यांची असते, दिसायला अगदी दुष्ट. त्यामुळे मावा फस्त करणारीच ती आधी चिरडली जाते. ऑस्ट्रेलियातून १८८८ साली कॅलिफोर्नियात नेलेल्या एका ढालकिड्याने तिथल्या लिंबूवर्गीय बागा खवले किडीपासून वाचवल्या होत्या.

भाताचं उदाहरण याहून बोलकं आहे. तपकिरी तुडतुडे सोंड खुपसून रस शोषतात. त्यांची अंडी खाणारा एक छोटा ढेकूणवर्गीय किडाही सोंडवाल्याच गटातला आहे. सरसकट विषारी फवारा मारला की तो आणि तुडतुडे खाणारे कोळी मरतात. खोडाच्या आवरणात घातलेली तुडतुड्यांची अंडी मात्र सुरक्षित राहतात. पुढची पिढी रान मोकळं मिळाल्यासारखी वाढते. हे इतकं हाताबाहेर गेलं की इंडोनेशियाने १९८६ मध्ये भातावर ५७ कीटकनाशकांना बंदी घातली. ‘किडा दिसला की फवारा’ हा सल्ला मी का देत नाही, ते यावरून कळावं.

जबडे की सोंड, हा प्रश्नही औषध निवडतानाच उपयोगी पडतो. पानाला भोकं पडली तर चावणारा. पान वाकडं, पिवळं, चिकट झालं तर शोषणारा. चिकट पानाला मुंग्या लागल्या असतील तर त्या गोड स्रावासाठी माव्याची राखण करतात, आधी मुंग्यांची वाट तोडा. झाडात भिनणारं औषध रस शोषणाऱ्यांना लागू पडतं, पण फुलांच्या मधात आणि परागातही उतरतं, तिथे मधमाशी येते. आणि लाल कोळी हा कीटक नाहीच, त्याला आठ पाय. काही कीटकनाशकांनी तो मरण्याऐवजी वाढतो, कारण त्याला खाणारे मरतात.

गांधीलमाशीबद्दल तुमचा राग समजतो. तिची नांगी गुळगुळीत असते, एकच माशी अनेकदा डसू शकते. दारावरचं पोळं जाणकाराकडून काढून घ्यावंच. डसल्यावर श्वास लागला किंवा चेहरा सुजला तर तडक दवाखाना. पण त्या पोळ्यातल्या पिल्लांना भरवायला ती अळ्याच चावून नेते, म्हणून बांधाच्या टोकाचं पोळं राहू द्यावं. शिवाय तिच्या गटातल्या अगणित जाती माणसाला डसतच नाहीत. त्यातलाच ट्रायकोग्रामा जेमतेम अर्धा मिलिमीटरचा. तो पतंगाच्या अंड्यात अंडं घालतो आणि अंडं काळं पडतं. त्याचं कार्ड, म्हणजे त्याने अंडी घातलेली पतंगाची अंडी चिकटवलेला कागद, शेतात लावलंत तर त्या दिवसांत फवारणी नको, नाहीतर पैसे पाण्यात.

डासांच्या बाबतीत मात्र मी तुमच्याच बाजूने, घरात त्यांना माफी नाही. फक्त धुरावर विसंबू नका. डेंग्यू पसरवणारा एडिस पाण्याच्या रेषेजवळ भांड्याच्या आतल्या कडेला अंडी चिकटवतो आणि ती कोरडी पडूनही महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून आठवड्यातून एकदा पाणी नुसतं ओतायचं नाही. आतली कड खरखरीत ब्रशने घासायची, मगच भांडं पुन्हा भरायचं.