प्रतिक्रियेला उत्तर : सगळ्या मशीनवर एकच डिस्क का उतरवली नाही

नमस्कार. तुमचा मुद्दा इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. देवगडकडच्या शाळेतल्या आठ कॉम्प्युटरवर ओपनसूसे लीप १५ ही लिनक्स सिस्टम बसवायला, इन्स्टॉलेशनची सगळी उत्तरं आधीच लिहून ठेवलेल्या एक्सएमएल फाइलीचा एवढा घाट कशाला? एक मशीन नीट लावायचं, क्लोनझिला या डिस्कची हुबेहूब नक्कल करणाऱ्या प्रोग्रामने त्याची डिस्क बाकीच्या सातांवर उतरवायची आणि दुपारी जेवायला घरी. शिवाय 'फाइलीत पासवर्ड एन्क्रिप्ट होतो, काळजी नको' हे माझ्या लेखातलं वाक्य तुम्हाला बेजबाबदार वाटलं.

आठही मशीन सारखी असती तर मीही तेच केलं असतं. पण ही मशीन शाळेने एकगठ्ठा घेतलेली नाहीत. मुंबईच्या चाकरमान्यांनी दर गणपतीला एकेक करून गाडीच्या डिकीतून आणलीत, त्यामुळे एकाला एक जुळत नाही. पहिल्यात ५०० जीबीची हार्ड डिस्क, चारांत १२० जीबीच्या एसएसडी. क्लोनझिलाला समोरची डिस्क मूळ डिस्कएवढी किंवा मोठी लागते. आधी पार्टिशन (डिस्कचा भाग) आक्रसून जमवता येतं, कबूल, पण मग तुमचं जेवण थंड झालंच की! वर मशीन-आयडी (सिस्टमचा ओळख क्रमांक) आणि एसएसएचच्या, म्हणजे दुरून लॉगिन करायच्या सोयीच्या, होस्ट की (मशीनची ओळख पटवणाऱ्या किल्ल्या) आठही ठिकाणी त्याच. त्या निस्तरणं वेगळं काम.

फाइलीचा रस्ताही मी लिहिला तितका सोपा नाही, हे मात्र मान्य. पहिलं इन्स्टॉलेशन झाल्यावर यास्ट या ओपनसूसेच्या इन्स्टॉलेशन-सेटिंगच्या साधनातल्या क्लोन_सिस्टमने रूटच्या फोल्डरमध्ये ऑटोइन्स्ट.एक्सएमएल तयार होते. पॅकेजेस, कीबोर्ड, टाइमझोन, युजर, सगळं तिच्यात. पण तिच्यात त्या एका मशीनच्या खाणाखुणाही उतरतात. डिस्कचं नाव एसडीए, नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता, म्हणजे त्या कार्डाचा स्वतःचा क्रमांक. एनव्हीएमई प्रकारच्या एसएसडीचं नाव वेगळं असतं, त्या मशीनवर एसडीए सापडणार कुठून? डिव्हाइसची ओळ काढली की ऑटोयास्ट (ही फाइल वाचून आपोआप इन्स्टॉल करणारं यास्ट) डिस्क स्वतः शोधतं, मॅकचे नियमही काढायचे. मूळ लेखात हे दोन ओळींत उरकलं होतं. आणखी एक. फाइलीच्या मोड विभागातलं कन्फर्म 'ट्रू' करा, म्हणजे डिस्क पुसण्याआधी ते विचारतं. एका मशीनला दोन डिस्क होत्या आणि दुसरीवर सरांचे स्नेहसंमेलनाचे फोटो. विचारलं म्हणून वाचले.

पासवर्डच्या बाबतीत तुमचंच बरोबर. फाइलीत हॅश (पासवर्डवरून काढलेली सांकेतिक अक्षरं) असतो, पण शाळेच्या नावापुढे १२३ लावलेला पासवर्ड हॅशवरून काढायला कितीसा वेळ लागणार! ती फाइल पेनड्राइव्हवर घालून लॅबच्या खणात ठेवा, असा सल्ला मी देऊन बसलो होतो. आता फाइलीत तात्पुरता पासवर्ड ठेवलाय, इन्स्टॉलेशन झाल्याबरोबर बदलायचा. लेखही दुरुस्त केलाय.



वेळेचं म्हणाल तर आठ मशीनना दोन दिवस गेले. पैकी अर्धा दिवस लाईट नव्हती. तिसऱ्या मशीनवर पॅकेजेस उतरत असताना लाईट गेली, आल्यावर सरांनी तोच पेनड्राइव्ह लावून पुन्हा सुरू केलं. मी तेव्हा बाहेर चहा घेत होतो. खाऱ्या हवेत इथे मदरबोर्ड फार टिकत नाहीत, तेव्हा हे काम सरांना पुन्हा पुन्हा करावं लागणार, तेही माझ्याशिवाय.

येत्या गणपतीला नववं मशीन येतंय म्हणे. कुठलं, ते आणणाऱ्यालाही अजून माहीत नाही. त्यावर फाइल अडली तर तुम्हाला फोन करतो, क्लोनझिला घेऊन या. जेवण आमच्याकडे.