रडल्याने गाठ वाढत नाही

परळला कॅन्सरवर उपचार घेणाऱ्यांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय: 'इथे रडगाणं नको, नकारात्मक विचारांनी गाठ वाढते, हसतमुख माणूस दुप्पट जगतो.'

पहिलं विधान निराधार आहे. डोकं-मानेच्या कॅन्सरच्या हजाराहून अधिक रुग्णांच्या २००७ मधल्या अभ्यासात मनःस्थितीवरून आयुर्मान ठरत असल्याचं दिसलं नाही.

'दुप्पट' मात्र अगदी हवेतून आलेलं नाही. १९८९ मध्ये अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगल यांनी शरीरात पसरलेल्या स्तनांच्या कॅन्सरच्या ८६ स्त्रियांचा अभ्यास छापला. आधारगटात, म्हणजे रुग्णांनी एकत्र बसून बोलण्याच्या गटात, येणाऱ्या स्त्रिया इतरांपेक्षा सुमारे दुप्पट काळ जगल्या होत्या. पण तिथे हसायची सक्ती नव्हतीच; उलट मरणाची भीती उघड बोलली जायची! शिवाय २००१ मध्ये कॅनडात २३५ स्त्रियांवर झालेल्या अशाच गटांच्या चाचणीत आयुष्य वाढलं नाही. मनाचा त्रास आणि वेदना तेवढ्या कमी जाणवल्या. हेही थोडं नाही.

आता 'सगळं ओकून टाका, बरं वाटेल' हेही सरसकट खरं नाही. लिबरमन आणि गोल्डस्टीन या संशोधकांनी २००६ मध्ये स्तनांच्या कॅन्सरच्या स्त्रियांचे ऑनलाइन आधारगट तपासले. राग लिहिणाऱ्या स्त्रियांची जगण्याची गुणवत्ता सुधारलेली दिसली. भीती आणि चिंता लिहिणाऱ्यांची खालावलेली. हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही.

तेव्हा केमोनंतर कुणी 'वैताग आलाय' लिहिलं, तर अ‍ॅडमिनने ते पुसू नये. (त्याखाली गुलाबाची फुलंही टाकू नयेत.) रोज रात्री तीच भीती लिहिणाऱ्याला मात्र डॉक्टरांकडे समुपदेशकाबद्दल विचारायला सांगावं.